पोराला झोप का लागत नाही?

 

आजचा विषय झोपेचा आहे. हसू नका. झोपेवर भाषण कशाला, भाषण ऐकताना ती आपोआपच येते, असे मागून कोणीतरी म्हणाले. तेही खरेच! पण आम्ही आज बोलणार आहोत ते वयात येणाऱ्या मुलांच्या झोपेविषयी. तेरा ते अठरा वर्षांची ही मुले. त्यांच्या झोपेचे आणि तंबाखू, विडी, दारू, गांजा यांचे नाते काय, ते आज पाहायचे आहे.

घरोघरी एक तक्रार ऐकू येते. पोरगा रात्री बारा वाजेपर्यंत टक्क जागा असतो. सकाळी हलवून हलवून उठत नाही. बाप म्हणतो, आळशी झाला. आई म्हणते, नजर लागली. शाळेत गुरुजी म्हणतात, वर्गात डुलक्या घेतो. तिघेही मुलाच्या डोळ्यांकडे पाहतात. त्याच्या खिशाकडे आणि गालाकडे कोणी पाहत नाही.

तर आधी झोप म्हणजे काय ते समजून घेऊ.

पुष्कळांना वाटते, झोप म्हणजे दिवा विझवून ठेवणे. तसे नाही. झोपेत अंग स्वस्थ पडते, पण आत काम चालू असते. रात्री रानात माणूस दिसत नाही, पण संध्याकाळी दिलेले पाणी मुळांकडे झिरपतच असते ना? तसेच हे. रात्रभराची झोप एकसारखी नसते. तिच्या फेऱ्या असतात. एक फेरी साधारण दीड तासाची. अशा चार-पाच फेऱ्या रात्रीत होतात. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त. या गाढ झोपेत शरीरात वाढीचा रस सुटतो. मुलाची उंची, हाडे, दंड-मांड्या यांना तो लागतो. पहाटेकडच्या फेऱ्यांत स्वप्नांची झोप जास्त. तेव्हा मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात. झोपलेल्या तान्ह्या बाळाकडे नीट पाहा, तुम्हालाही दिसेल. आयांनी हे पिढ्यान्पिढ्या पाहिले आहे. १९५३ साली अमेरिकेत शिकागो येथील असेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी यंत्रे लावून त्याची नोंद केली, तेव्हा ते शास्त्र झाले.

दिवसभरात मुलाने जे ऐकले, वाचले, पाठ केले, ते झोपेत डोक्यात पक्के बसते. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास पेपर लिहिताना हाती लागत नाही.

आता हिशेब करू. तुम्ही आता अंक शिकला आहात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. आपला मुलगा रात्री साडेअकराला झोपला आणि साडेपाचला उठला, तर किती तास झाले? सहा. कमीत कमी आठ हवेत. म्हणजे रोज दोन तास कमी. आठवड्याचे चौदा तास कमी. दीड-दोन रात्रींची झोप एका आठवड्यात बुडाली!

आणखी एक गोष्ट आईबापांनी ध्यानात घ्यावी. शरीरात एक घड्याळ असते. झोप कधी यावी, भूक कधी लागावी, हे ते ठरवते. शरीरातले हे घड्याळ कसे चालते ते शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मूल वयात येऊ लागले की हे घड्याळ मागे पडते. दहा वर्षांचा असताना जो मुलगा आठ वाजता पेंगत होता, तोच पंधराव्या वर्षी दहा-साडेदहापर्यंत ताजातवाना असतो. हा त्याचा वाईटपणा नव्हे. निसर्गच तसा आहे. पण शाळेची घंटा काही मागे जात नाही. म्हणजे या वयात झोपेला मुळातच ओढाताण आहे. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसे त्यात व्यसन आले की काय होते ते पाहा.

पहिली तंबाखू. ती गावात सर्वांत जास्त, म्हणून तिच्याविषयी जास्त बोलू.

ही वनस्पती मूळची आपली नाही. पोर्तुगीजांनी ती आपल्या देशात आणली. पण आज आपण ती पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबर पुढे करतो. २०१९ साली देशभरच्या शाळांतून तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. शंभरांत आठ-नऊ मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. तेरा वर्षांचे पोर म्हणजे सातवी-आठवीतले, बरे का!

तंबाखूत निकोटीन नावाचे विष असते. ते जागवणारे आहे. ते रक्तात गेले की छातीचे ठोके वाढतात, डोके जागे होते. विडी ओढली तर ते क्षणात मेंदूपर्यंत पोहोचते. तंबाखू-चुन्याचा बार गालात धरला तर हळूहळू झिरपते, पण जास्त वेळ टिकते. मावा म्हणा, तिकडे विदर्भात खर्रा म्हणतात, त्यात सुपारीही असते. सुपारीही जागवणारीच. म्हणजे दोन्हीकडून मार. काही मुले तर गालात बार ठेवूनच अंथरुणाला पाठ टेकतात. मग झोप कुठून येणार? पाहुण्याला ओसरीवर थांबवून आतून कडी लावावी, तसला प्रकार.

एवढ्यावर भागत नाही. निकोटीन रक्तात फार वेळ राहत नाही. दोन तासांत निम्मे होते, चार तासांत पावच उरते. मग ज्याला सवय लागली आहे त्याचे शरीर रात्री तीन-चार वाजता मागू लागते. मुलगा कुशी बदलतो. झोप पातळ होते. मधेच दचकून उठतो. पहाटेची जी मोलाची झोप, तीच मोडते. सकाळी उठल्या उठल्या हात पुडीकडे जातो. लोक म्हणतात, त्याशिवाय पोट साफ होत नाही. पण ज्याने कधी तंबाखू खाल्ली नाही, त्याचे पोट कसे साफ होते?

"तंबाखू खाल्ली की डोके शांत होते," असेही म्हणतात. होते खरे. पण ते अशांत कोणी केले? रात्री आपल्याच कणगीतले धान्य चोरायचे आणि सकाळी आपल्यालाच उसने द्यायचे, असा हा सावकार आहे. आणि वयात येणाऱ्या मुलाला तो मोठ्या माणसापेक्षा लवकर पकडतो, कारण मुलाचा मेंदू अजून घडतो आहे. मेंदूची ही घडण साधारण पंचविशीपर्यंत चालते.

आम्ही शाळेत असताना दहावीत एक मुलगा होता. हुशार होता. दिवाळीनंतर तो वर्गात बसल्या बसल्या झोपू लागला. दुपारच्या सुट्टीनंतर चिडचिड करी. आम्ही त्याच्या घरी गेलो. तेव्हा शेतीची वीज रात्रीची येत असे. बाप पोराला दारे धरायला बरोबर नेई. उसाला पाणी, अंधार, थंडी. बाप म्हणाला, "गुरुजी, रातच्याला डोळा लागला तर पाणी फुटतं. साप-किरडू असतंय. म्हणून मीच त्याला चिमूट देतो. जागं राहाया बरं पडतं."

त्या बापाला दुष्ट म्हणता येणार नाही. तो स्वतः त्याच चिमटीवर आयुष्यभर जागला होता. पोराला साप चावू नये म्हणून त्याने दिली. पण पाणी आठवड्यात तीन रात्री असे, आणि चिमूट सातही रात्री लागू लागली. ज्या रात्री घरी झोपायचे, त्या रात्रीही झोप येईना.

आम्ही बापाला तंबाखू वाईट एवढेच सांगून उठलो नाही. रात्रीच्या पाण्याचे काय करायचे, ते बोललो. ते ठरल्याशिवाय बाकी सारे पोकळ. शेवटी शेजारच्या रानातल्या चुलत्याशी पाळी ठरली. एका रात्री दोघा भावांनी मिळून दोन्ही रानांना पाणी द्यायचे. मुलाने फक्त शनिवारी जायचे, कारण रविवारी शाळा नाही. त्या रात्रीही तंबाखू नाही. कंदील, काठी, आणि दोघांत बोलत राहायचे.

मग पोराची तंबाखू बंद केली. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. त्याला मुळीच झोप लागेना. एकदा जेवणाचे ताट भिरकावले. आई रडत म्हणाली, "गुरुजी, द्या त्याला चिमूटभर, पोर वेडं होईल." नेमका हाच धोका आहे, म्हणून ही हकीकत सांगितली. तंबाखू सोडल्यावर पहिला आठवडा झोप जास्त बिघडते. चिडचिड होते, डोके दुखते. घरच्यांना वाटते, सोडल्यामुळेच बिघडले. मुलालाही वाटते, आपल्याला हिच्याशिवाय झोपच नाही. आणि तो पुन्हा सुरू करतो. पण हे दिवस जातात. दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचा त्रास ओसरतो. त्या मुलाला तिसऱ्या आठवड्यात सलग झोप लागू लागली. पुढे उन्हाळ्यात त्याने मित्रांबरोबर दोनदा पुन्हा खाल्ली, तेही सांगितले पाहिजे. बापाने या वेळी मारले नाही. बापाने स्वतःची पुडी मात्र घरात आणायची बंद केली.

मुलींचे काय? आपल्याकडे मुलींना वाटते, आम्ही कुठे तंबाखू खातो? पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात दुखला म्हणून आजी नातीच्या हिरडीला लावते. मग सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री भांडी घासून झाल्यावर एकदा. रात्रीची ही मशेरी म्हणजे झोपायच्या वेळी घेतलेले जागरणाचे औषध. दात दुखत असेल तर दाताच्या डॉक्टरकडे न्यावे. आजीबाईंनी रागावू नये.

चहाचेही थोडे सांगतो. चहा म्हणजे काही दारू नव्हे. पण त्यात कॅफिन असते. दिवसभर जागेपणी आपल्या डोक्यात एक द्रव्य साठत जाते. ते आपल्या जागी जाऊन बसले की झोप येते. कॅफिन काय करते? एस. टी. त रुमाल टाकून जागा अडवावी, तशी त्या द्रव्याची जागा अडवते. झोप बिचारी दाराशी उभी! कॅफिन निम्मे व्हायला पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाला प्यालेला चहा रात्री अकरा-बारालाही निम्मा अंगात असतो. म्हणून मुलांना दुपारनंतर चहा नको. हल्ली दुकानात डब्यातली ताकदीची पेये मिळतात. कबड्डी खेळणारी पोरे ती घेतात. त्यातही कॅफिनच. हे मुलांसाठी नाही, असे त्या डब्यावरच बारीक अक्षरांत छापलेले असते. आता आपल्याला वाचता येते, तर वाचावे.

(मोबाइलचे पुराण आज लावीत नाही. तो रात्री उशापासून दूर ठेवावा, एवढे पुरे.)

आता दारू. जत्रेत, वरातीत पंधरा-सोळा वर्षांची पोरे मोठ्यांच्या मागे जाऊन घोट घेतात. मोठे हसतात. कोणी म्हणते, थकला आहे, घेतली तर झोप तरी लागेल. दारूने डोळा लवकर मिटतो, हे खोटे नाही. पण ती झोप नव्हे. नाल मारण्यासाठी बैलाला दोरी लावून पाडतात. पडलेला बैल लांबून बसल्यासारखा दिसतो. पण तो रवंथ करतो का? दारूची झोप अशी पाडलेली असते. तीन-चार तासांनी दारू उतरू लागते आणि उरलेली रात्र फुटते. घसा कोरडा, घाम, लघवीला उठणे, वाईट स्वप्ने. घशाचे स्नायू सैल पडून घोरणे वाढते, श्वास अडतो. स्वप्नांची झोप कमी होते. सकाळी मुलगा उठतो तो न झोपल्यासारखाच. दुसऱ्या रात्री झोप येत नाही, मग पुन्हा तीच आठवते.

आणि मंडळी, एक कडू बोलतो. पोराने दारू न पिताही दारूने त्याची झोप मोडते. बाप रात्री अकराला झुलत येतो. भांडी आपटतात. आईचा आवाज चढतो, मग रडणे ऐकू येते. गोधडीखाली मुले डोळे घट्ट मिटून जागी असतात. त्यांचे कान दाराकडे असतात. रोज असे ज्या घरात होते, तिथल्या मुलाला वर्गात झोप येते म्हणून आम्ही कोणत्या तोंडाने रागवायचे? तीच गोष्ट विडीची. एकाच खोलीत सारे झोपतात, दार-खिडकी लावलेली, आणि आजोबा अंथरुणात विडी ओढतात. तो धूर पोरांच्या छातीत जातो. खोकला आणि दमा रात्री बळावतो. विडी ओढायचीच असेल तर अंगणात जावे, म्हातारपणी थंडी वाजली तरी जावे.

गांजाचे थोडक्यात सांगतो. काही लोक त्याला देवाधर्माचा प्रसाद म्हणतात, त्यामुळे पोरांना भीती वाटत नाही. गांजाने सुरुवातीला गुंगी येते, झोप लवकर लागते. पण रोज घेतला की तेवढ्याने भागत नाही, मात्रा वाढते. स्वप्नांची झोप दबते. आणि सोडला की एक-दोन दिवसांत झोप उडते. दबलेली स्वप्ने बांध फुटल्यासारखी येतात. पोर घाबरते. त्याला वाटते, कोणी करणी केली. करणी नव्हे, गांजा अंगातून निघतो आहे. पहिला आठवडा सर्वांत अवघड असतो, आणि झोपेची तक्रार पुढेही काही आठवडे राहू शकते. या काळात मुलाला एकटे सोडू नये. घरातल्या मोठ्या माणसाची झोपेची गोळी त्याला देऊ नये. तो भलताच धोका आहे.

असे हे चक्र फिरते. रात्री झोप नाही, म्हणून दिवसा पेंग. पेंग घालवायला तंबाखू, नाहीतर डब्यातले पेय. त्याने रात्री पुन्हा झोप नाही. मग झोप यावी म्हणून दारू किंवा गांजा. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, पण जागचा हलत नाही. शिवाय झोप कमी झालेला मुलगा चटकन रागावतो, उदास होतो, मित्रांनी पुढे केलेल्या वस्तूला नाही म्हणण्याचे बळ त्याच्यात राहत नाही. म्हणजे व्यसनाने झोप जाते आणि झोप गेल्याने व्यसन वाढते. कुठून सुरू झाले ते शोधत बसण्यापेक्षा दोन्हीकडून सोडवायला लागावे.

कायदाही थोडा माहीत असावा. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे, याला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे. चोरून मिळतो, हे आम्हालाही दिसते. डॉक्टरने सांगितल्याशिवाय मुलाला दारू, तंबाखू किंवा गांजा देणाऱ्याला २०१५ च्या कायद्याप्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. "जा रे, माझ्यासाठी एक पुडी आण," म्हणून आपण दहा वर्षांच्या पोराला दुकानात पिटाळतो, तेव्हा त्या पोराची आणि पुडीची ओळख आपणच करून देतो.

आता एखाद्या आईने विचारले, "गुरुजी, माझ्या पोराच्या खिशात पुडी सापडली, काय करू?" तर आमचे सांगणे असे. रात्री आरडाओरडा करू नका. त्या रात्रीची झोप तरी राहू द्या. दुसऱ्या दिवशी जेवताना विचारा, कधीपासून, दिवसातून किती वेळा, आणि रात्री झोप लागते का? झोपेचे विचारले की पोर बोलते. तंबाखूचे विचारले की गप्प बसते. हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

सोडण्याचा दिवस त्यालाच ठरवू द्या. परीक्षेचा आठवडा नको, जत्रेचा नको. पहिल्या पंधरा दिवसांत त्याच्यावर रात्रीचे काम टाकू नका. सकाळी रोज एकाच वेळी उठवा, झोप लागली नसली तरी. उजाडताच अंगणात उन्हात येऊ द्या. सकाळच्या उजेडाने शरीरातले घड्याळ जागेवर येते. संध्याकाळी खेळू द्या. पेंग आली तर दुपारी वीस मिनिटे पडू द्या, दोन तास नको. रात्री झोप लागत नसेल तर अंथरुणात तळमळण्यापेक्षा उठून बसू द्या, कोणीतरी मोठ्याने त्याच्याजवळ बसावे, डोळे जड झाले की पुन्हा पडावे.

तंबाखूच्या पुडीवर एक फोन नंबर छापलेला असतो. १८००-११-२३५६. तो वाचून पाहा. त्याला पैसे पडत नाहीत. कसे सोडायचे ते तिथे समजावून सांगतात. मन फार उदास असेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो. मराठीत बोलता येते. त्यालाही पैसे नाहीत. रोज दारू पिण्याची सवय लागली असेल तर घरच्या घरी एकदम तोडू नका. अंग थरथरते, झटके येतात, जिवावर बेतू शकते. सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे. तिथे डॉक्टरला दोन्ही गोष्टी सांगाव्या, काय घेतो तेही आणि किती तास झोपतो तेही. झोपेचे सांगायला लोक विसरतात. म्हणून जाण्याआधी आठ दिवस एका कागदावर रोज लिहून ठेवा, पोरगा किती वाजता झोपला, रात्री किती वेळा उठला, सकाळी किती वाजता जागा झाला. तीनच आकडे. आपल्या वर्गातल्या कोणालाही ते आता लिहिता येतील. पाटीवर लिहू नका, पुसले जातात. वहीतच लिहा आणि ती वही डॉक्टरला दाखवा.